खाली खाज सुटते, हे सांगायला दीड वर्ष

भागाचं नाव बघून आज बऱ्याच जणींनी हेडफोन लावले असणार. असू दे. मुलगे ऐकत असतील तर जाऊ नका, थांबा. तुमच्या कामाचंही यात आहे, मधे कुठेतरी येईल.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी माझा छोटा दवाखाना आहे. रोज ज्या बायका-मुली येतात, त्यातल्या कितीतरी जणी खाज, जळजळ, वास, नाहीतर ‘अंगावरून पांढरं जातंय’ एवढ्याचसाठी येतात. म्हणजे येतात ‘कंबर दुखतेय’ म्हणून. सगळं सांगून होतं, मी चिठ्ठी लिहून देते, आणि दाराला हात लावल्यावर मागे वळून म्हणतात, "मॅडम, अजून एक होतं..." ते अजून एक म्हणजे हेच.

पण आजची गोष्ट दवाखान्यातली नाही, माझ्या घरातली आहे. माझ्या आईची. तिला विचारून सांगतेय. ती म्हणाली, "सांग, पण आपल्या गल्लीतलं कुणी ऐकत नाही ना हे?"

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेले होते. न्हाणीघरात साबणाच्या डबीमागे एक मलमाची ट्यूब दिसली, पिळून पिळून चपटी झालेली. गजकर्णावरचं मलम. पण साधं नाही; बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि वर जोरदार स्टिरॉइड, असं सगळं एकात कालवलेलं. मेडिकलमध्ये सर्रास मिळतं ते. मी विचारलं, "आई, हे कुणाचं?" म्हणाली, "माझंच. पायाला लावते." "पायाला कुठे?" तर उत्तर नाही. रात्री अंथरुणं घातली, दिवा मालवला, आणि मग अंधारात म्हणाली, "अगं, खाली खाज सुटते गं मला. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही."

किती दिवस झाले? तर दीड वर्ष.

शेजारच्या काकूंना तिनं सांगितलं होतं. त्यांनी खोबरेल तेल सुचवलं, मग तुरटीचं पाणी सुचवलं, मग हे मलम. मला नाही सांगितलं. मी, जिचं आख्खं शिक्षण या एका विषयात झालंय, तिला नाही. मला राग आला, आणि खरं सांगू का, लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी माझ्या एका मैत्रिणीकडे तिला नेलं, मी स्वतः तपासलं नाही. योनीत बुरशीचं इन्फेक्शन होतं, आणि बाहेरची कातडी स्टिरॉइडनं कागदासारखी पातळ झाली होती. मैत्रिणीनं लगेच रक्तातली साखर तपासायला लावली, कारण पाळी गेल्यानंतर हे बुरशीचं इन्फेक्शन तसं कमी होतं. झालं, आणि हटत नसेल, तर आमच्या डोक्यात पहिला प्रश्न साखरेचाच येतो. उपाशीपोटी साखर आली २४६. आईला मधुमेह होता. कधीपासून, देव जाणे. शरीर दीड वर्ष सांगत होतं, आणि आम्ही घरातल्या घरात तुरटी लावत होतो.

नंतर तिला विचारलं, मला का नाही बोललीस? ती म्हणाली, "शब्दच नव्हता गं. काय म्हणणार होते?"

हे मात्र खरंय. मराठीत बघा ना, या अवयवाचं नाव एकतर शिवीत येतं, नाहीतर पाठ्यपुस्तकात. मधे काही नाही. मग आपण म्हणतो ‘खाली’, ‘तिथे’, ‘शूची जागा’. आजीच्या पिढीत पांढरं जाण्याला ‘धुपणी’ म्हणायच्या, वैद्य ‘श्वेतप्रदर’ म्हणतात. आरोग्याच्या पुस्तकांत ‘मायांग’ असा गोड शब्द आहे, पण बोलताना कुणी वापरत नाही. मी आज ‘योनी’ म्हणणार आहे. दोन-चार वेळा ऐकलं की कानाला सवय होते.

आणि एक फरक लक्षात ठेवा, कारण अर्धे घोटाळे तिथेच होतात. बाहेरून दिसतो तो भाग म्हणजे भग. ओठांसारख्या घड्या, लघवीची जागा, सगळं त्यात. योनी म्हणजे तिथून गर्भाशयाच्या मुखापर्यंत जाणारा आतला मार्ग. बाहेरचा भाग आपण धुवायचा. आतला भाग स्वतःला धुतो. आत पाणी मारायचं नाही, साबण नाही, बोट घालून साफ करायचं नाही.

हे ‘स्वतःला धुतो’ म्हणजे काय, ते सांगते. मला स्वतःला हा भाग फार आवडतो. तुम्ही घरी दही लावता ना? कोमट दुधात चमचाभर विरजण टाकलं की त्यातले जंतू दुधातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. दूध आंबट होतं आणि नासवणाऱ्या जंतूंची तिथे डाळ शिजत नाही. योनीत हुबेहूब हेच चालतं. वयात आल्यावर इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखर साठते, आणि लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू तिच्यावर जगून लॅक्टिक आम्ल बनवतात. दह्यातल्या जंतूंचेच हे चुलत भाऊ. १८९२ साली डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरनं यांचं वर्णन केलं होतं. या आम्लामुळे योनीचा पीएच ३.८ ते ४.५ राहतो, जवळपास दह्याइतका आंबट. म्हणून निरोगी योनीला थोडा आंबूस वास असतो. फुलांचा नसतो. कुणाच्याच योनीला गुलाबाचा वास येत नाही, तो बाटलीतनं येतो.

आता या विरजणात काय काय पडतं बघा. पाळीचं रक्त, पीएच साधारण ७.४. वीर्य, सातच्या वर. अंगाचा साबण, ९ ते १०, म्हणजे विरजणात चमचाभर खायचा सोडा. पाळी आणि संबंध यातनं योनी आपली आपण सावरते. रोज आत साबण घातला तर कशी सावरणार? आतून पाणी मारून धुणाऱ्या बायकांमध्ये इन्फेक्शनचं प्रमाण जास्त आढळतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणजे वास येतो म्हणून धुवायचं, धुतल्यानं वास वाढतो, मग अजून धुवायचं. या चक्रात अडकलेल्या मुली मी दर आठवड्याला बघते.

आता ‘पांढरं जाणं’. ऐका, कारण ओपीडीत मला हेच सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. रोज १ ते ४ मिलीलीटर, म्हणजे अर्धा चमचा किंवा जरा जास्त स्राव जाणं अगदी नॉर्मल आहे. पाळीच्या मध्यावर, बीज सुटायच्या सुमारास, तो अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, तार येणारा होतो. नंतर दाट आणि पांढुरका. चड्डीवर वाळला की पिवळसर दिसतो. काळ्या चड्डीचा तेवढाच भाग फिका पडतो, रंग उडाल्यासारखा. तो आम्लामुळे. घाबरायचं काही नाही, विरजण काम करतंय.

पण आपल्याकडे समजूत काय? पांढरं गेलं म्हणजे हाडं झिजतात, सत्त्व निघून जातं, अशक्तपणा येतो. एक कॉलेजची मुलगी माझ्याकडे आली होती, तिनं सहा महिने शतावरी, कॅल्शियम, प्रोटीनचे डबे असं सगळं घेतलं होतं. तपासलं तर काहीच नव्हतं. थकवा होता तो हिमोग्लोबिन ८ असल्यामुळे. हाडं वगैरे काही वितळत नाहीत हो.

इथे दोन अभ्यास सांगते, दोन्ही आपल्या भागातले. पहिला गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापलं. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही आजार निघाला. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या किती? ८ टक्के. बरं, तक्रार होती ५५ टक्क्यांना. म्हणजे बाकीच्यांनी ‘मला काही नाही’ म्हटलं होतं. जगभर गाजलेला अभ्यास आहे हा. तोपर्यंत गरीब देशातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच मानायचे.

दुसरा गोव्याचा, २००५ च्या आसपासचा, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. जवळपास अडीच हजार बायका. तिथे चित्र वेगळंच दिसलं. ‘पांढरं जातंय’ ही तक्रार करणाऱ्या बायकांमध्ये त्या तक्रारीचं घट्ट नातं दिसलं ते मनावरच्या ताणाशी, उदासीशी. घरात सांगता येत नाही असं काहीतरी मनात असतं, आणि ते ‘अंगावरून जातंय, अशक्तपणा आलाय’ असं बाहेर येतं.

मला हे दोन्ही अभ्यास एकत्र आठवतात. एकीकडे आजार आहे, तक्रार नाही. दुसरीकडे तक्रार आहे, पण आजार त्या जागी नसून दुसरीकडेच आहे. मग फोनवरून, फोटो पाठवून, मैत्रिणीला विचारून तुम्हाला कसं कळणार? बघावं लागतं. तपासावं लागतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं.

बरं, इन्फेक्शन असेल तर ते मुख्यतः तीन प्रकारचं असतं.

एक, बुरशीचं, म्हणजे कँडिडा. आईला झालं होतं ते. याची मुख्य खूण खाज. जीव नकोसा करणारी खाज, लघवी करताना बाहेर आग, आणि स्राव फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा. वास विशेष नसतो. साधारण चारातल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी होतं, म्हणजे अगदी सर्दी-पडशाइतकं घरगुती. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर होतं, कारण औषध घशातल्या जंतूंबरोबर आपलं विरजणही मारतं. गरोदरपणात होतं. मधुमेहात होतं. आणि घरच्या मोठ्यांसाठी सांगते, मधुमेहावर डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या हल्ली खूप दिल्या जातात. त्या लघवीतून साखर बाहेर काढतात. औषध चांगलं आहे, पण त्यानं हे इन्फेक्शन होऊ शकतं. आई, मावशी, आत्या कुणी ती गोळी घेत असेल आणि गप्प गप्प खाजवत असेल, तर विचारा. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

दोन, बॅक्टेरियल व्हजायनोसिस, आम्ही नुसतं बीव्ही म्हणतो. योनीतून स्राव जाण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि याचं नावच कुणाला माहीत नसतं. यात बाहेरून कुणी शत्रू येतो असं नाही. विरजणातले चांगले जंतू कमी होतात आणि दुसरेच माजतात. खाज फारशी नाही. स्राव पातळ, राखाडी-पांढरा. आणि वास. सुकटीसारखा, बोंबलासारखा वास. संबंधानंतर आणि पाळीत जास्त. कोकणातल्या माझ्या एका पेशंटनं हसत सांगितलं होतं, "मॅडम, आज घरात मासळी नाही, तरी वास येतोय." नेमकं निदान केलं तिनं! पण वासामुळे मुली स्वतःला घाणेरडं समजायला लागतात. जोडीदाराजवळ जात नाहीत, लोकलमध्ये कुणाशेजारी बसत नाहीत. घाणेरडेपणाचा आणि याचा काही संबंध नाही. उलट जास्त स्वच्छतेच्या मागे लागलेल्यांना हे होतं. उपचार मेट्रोनिडाझोल नाहीतर क्लिंडामायसिनचे, काही दिवसांचे. पण हे परत उलटतं. निम्म्याहून जास्त जणींना वर्षभरात परत होतं.

तीन, ट्रायकोमोनास. हा परजीवी आहे, एका पेशीचा, शेपट्या हलवत पळणारा. हा लैंगिक संबंधातून पसरतो. स्राव पिवळा-हिरवट, कधी फेसाळ, वास, आग. २०२० या एका वर्षात जगात याच्या १५ कोटी ६० लाख नव्या केसेस झाल्या असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. नाव कुणी ऐकलेलं नसतं, आणि आकडा बघा.

मुलांनो, आता तुमचं आलं. ट्रायकोमोनास पुरुषात बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही. म्हणजे तुला काही नाही, तिलाच सारखं होतंय, याचा अर्थ ‘तिच्यातच काहीतरी आहे’ असा नाही. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावं लागतं, नाहीतर ते चेंडूसारखं इकडून तिकडे टोलवलं जातं. बीव्हीबद्दल आतापर्यंत आम्ही म्हणायचो की जोडीदाराला औषध नको. पण मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. एकमेकांशीच संबंध असलेली जोडपी त्यांनी घेतली. फक्त बाईला औषध दिलं त्या गटात १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींना बीव्ही परत झालं. पुरुषालाही गोळ्या आणि लावायचं क्रीम दिलं, त्या गटात ३५ टक्के. फरक मोठा आहे. तेव्हा वारंवार बीव्ही होत असेल तर पुढच्या वेळी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे बाहेर बाकावर मोबाईल बघत बसलेल्या नवऱ्यांना मी हल्ली आत बोलावते. पहिल्यांदा कावरेबावरे होतात. मग बसतात.

तर हे झाले तीन प्रकार. आता तुम्ही म्हणाल, सोप्पंय, खाज म्हणजे बुरशी, वास म्हणजे बीव्ही. नाही हो. पुस्तकात सोपं असतं. दोन्ही एकत्र असू शकतात. २००२ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, बुरशीचं औषध दुकानातून स्वतःच्या मनानं विकत घेणाऱ्या ९५ बायकांचा. त्यांना तपासलं तर साधारण तिसऱ्या हिश्श्यालाच नुसती बुरशी निघाली. बाकीच्यांना बीव्ही, काहींना मिश्र, काहींना काहीच नाही.

आणि मी त्या बाकीच्यांतलीच एक. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते, हॉस्टेलला. बाहेरच्या भागावर भयंकर खाज, लाल. शरीरशास्त्र पाठ होतं, पण ओपीडीत आपल्याच सिनियरसमोर टेबलावर झोपायचं? छे! मेडिकलमधून चार गोळ्यांचं ते पाकीट आणलं. माहीत असेल तुम्हाला, एकात तीन औषधं असतात: बुरशीचं, अँटिबायोटिक, आणि सेक्निडाझोल. दुकानदारानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. एकदा घेतलं, पंधरा दिवसांनी परत घेतलं. मळमळ, जुलाब, तोंडाला लोखंडाची चव, आणि खाज जशीच्या तशी. शेवटी मेट्रन मॅडमनी धरून नेलं. निघालं काय? सुगंधी पॅडची आणि सुगंधी वॉशची ॲलर्जी. दोन्ही बंद केलं, आठवड्यात गेलं. ना बुरशी, ना जंतू. दोन वेळा उगाच विरजण मारून बसले होते मी.

सरकारी दवाखान्यात पण असं एक किट असतं, त्याबद्दल गैरसमज नको. नॅकोचं हिरव्या रंगाचं किट, क्रमांक २. त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल असतं. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे लक्षणं ऐकून आणि तपासून ते देतात, मोफत. पण तिथे आधी कुणीतरी प्रशिक्षित माणूस विचारतो: पोटात दुखतं का, ताप आहे का, गरोदर आहेस का, जोडीदाराला काही आहे का. काउंटरवरचा मुलगा हे विचारत नाही. गरोदर असताना फ्लुकोनाझोलची गोळी टाळायची असते, योनीत ठेवायची दुसरी औषधं वापरतात. हे तो विचारणार आहे का?

तपासणीत होतं तरी काय, याची भीती वाटते ना? सांगते. आधी प्रश्न. मग बाहेरून बघणं. संबंध आलेले असतील तर स्पेक्युलम, बदकाच्या चोचीसारखं उपकरण, हळूच आत घालून बघतात. अवघड वाटतं, पण श्वास सोडून अंग सैल ठेवलं तर मिनिटभराचं काम. कापसाच्या काडीवर थोडा स्राव घेतात. एक ठिपका पीएचच्या कागदावर, ४.५ च्या वर गेला तर बीव्ही किंवा ट्रायकोमोनासचा संशय. एक ठिपका काचपट्टीवर, मायक्रोस्कोपखाली. बीव्हीत पेशींवर जंतू असे चिकटलेले दिसतात, जणू कुणी काकडीवर तिखट-मीठ भुरभुरलंय. ट्रायकोमोनास पळताना दिसतो. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बीव्हीत माशांचा वास भपकन येतो. कागद, काच, एक थेंब. महागडं काही नाही. सगळे डॉक्टर हे करतात का? नाही करत. गर्दी असते, काही जण न बघताच लिहून देतात. मग तुम्ही विचारा, "तुम्ही एकदा बघता का?" विचारायला पैसे पडत नाहीत.

वॉशबद्दल सारखं विचारतात, वापरू का? गरज नाही. बाहेर साधं पाणी पुरतं. वापरायचाच असेल तर सौम्य, बिनवासाचा, फक्त बाहेर. डेटॉल, सॅव्हलॉन, तुरटी, लिंबू, लसूण, कडुनिंबाचा काढा, वाफ, यातलं काहीही आत नको. दही? दही खा. आत नको. विरजणाचा दाखला मी समजायला दिला, रेसिपी नाही दिली! दुकानातल्या प्रोबायोटिक गोळ्यांचा पुरावाही अजून कच्चाच आहे. आणि योनीत ठेवायच्या काही क्रीम-गोळ्यांमुळे कंडोम कमकुवत होतो, तेवढे दिवस त्यावर विसंबू नका.

सुती चड्डीनं इन्फेक्शन बरं होत नाही, पण जुलै महिन्यात ओली चड्डी नको. आपल्याकडे चड्डी वाळत घालायची ती टॉवेलच्या खाली लपवून, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. ती वाळतच नाही. वर दिवसभर घट्ट जीन्स. मग जांघेत गजकर्ण होतं, त्याला योनीचं इन्फेक्शन समजतात, आणि तेच स्टिरॉइडवालं मलम लावतात. दोन दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असं नाव दिसलं तर ते डॉक्टरांनी बघून दिल्याशिवाय लावायचं नाही.

थांबायचं नाही अशी लक्षणंही सांगून ठेवते. ओटीपोटात दुखणं आणि ताप, संबंधानंतर रक्त जाणं, भगावर फोड किंवा जखम, गरोदर असताना कुठलाही वेगळा स्राव, पाळी कायमची गेल्यावर रक्त किंवा रक्तमिश्रित स्राव, आणि लहान मुलीच्या अंगावरून काही जाणं. यात घरी काही करत बसू नका, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर. वर्षात तीन-चार वेळा बुरशी झाली तर साखर तपासा.

एक मेसेज आला होता, १९ वर्षांची आहे, पुण्यात हॉस्टेलला असते. लिहिते, "ताई, लग्न झालेलं नाही. डॉक्टर पहिलाच प्रश्न तो विचारतात. मग आत तपासतील का? घरी कळेल का?" हा ‘लग्न झालंय का’ प्रश्न आमच्या लोकांनी सोडायला हवा. विचारायचं असतं ‘संबंध आलेत का’, आणि ते विचारताना दार बंद हवं. पण तुला सांगते, बाळा. संबंध आलेले नसतील तर स्पेक्युलम घालत नाहीत, बाहेरून बघून आणि बारीक काडीनं नमुना घेऊन काम होतं. कुठलीही तपासणी तू नको म्हणू शकतेस. पुरुष डॉक्टर असतील तर खोलीत बाईमाणूस हवं, हा तुझा हक्क आहे. तू सज्ञान आहेस, तुझ्या घरी फोन करून सांगायचा डॉक्टरांना अधिकार नाही. खासगीचे पैसे नसतील तर सरकारी रुग्णालयात मैत्री क्लिनिक असतं तुझ्या वयाच्या मुलामुलींसाठी, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, याच आजारांसाठी, मोफत.

आत गेल्यावर शब्द सुचत नसतील तर मोबाईलवर आधीच लिहून ने: कधीपासून, खाज की वास की आग, रंग कसा, शेवटची पाळी कधी, काय काय लावलं, काय गोळ्या घेतल्या. सगळं लिही, तुरटीसुद्धा. बोलवत नसेल तर फोन पुढे कर. माझ्याकडे कितीतरी मुली असंच करतात, मी वाचते आणि कामाला लागते.

आईचा परवा फोन आला होता. भाजी काय केली, पाऊस किती, सगळं झालं, आणि मग म्हणाली, "कालपासून परत जरा चुरचुरतंय हं तिथं. साखर पण १९० आलीय." आणि मागे बाबा टीव्ही बघत होते, हेही मला ऐकू येत होतं. उद्या तिला घेऊन जातेय मैत्रिणीकडे.

प्रश्न पाठवा, नाव नाही लिहिलं तरी चालेल. पुढचा भाग पाळीतल्या दुखण्यावर. भेटू.